वर्षातली आवडती कोरियन पॉप गाणी कशी निवडावीत

डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात केवळ आठवणीवर विसंबून वर्षातल्या आवडत्या गाण्यांची यादी करायला बसले, की ऑक्टोबर-नोव्हेंबरची गाणी दाटीवाटीने पुढे येतात आणि जानेवारी त्या वर्षात उगवलाच नव्हता असे वाटू लागते. माझी पहिली यादी अशीच फसली होती. कोरियन पॉपमध्ये ही चूक अधिक महागात पडते, कारण तिथे दर आठवड्याला कुणा ना कुणाचे ‘कमबॅक’, म्हणजे नवे गाणे घेऊन पुन्हा मंचावर येणे, असते आणि मागच्या महिन्यातले गाणे मागे ढकलले जायला वेळ लागत नाही. २०२४ चेच उदाहरण घ्यावे. २२ जानेवारीला ‘टूअस’ या नव्या गटाचे ‘प्लॉट ट्विस्ट’ आले, २४ ला आययू या गायिकेचे ‘लव्ह विन्स ऑल’ आले आणि २९ ला जी-आयडल या मुलींच्या गटाच्या ‘टू’ या अल्बमबरोबर ‘फेट’ आले. त्या वर्षी कोरियात सर्वाधिक ऐकल्या गेलेल्या गाण्यांपैकी तीन गाणी आठ दिवसांत येऊन गेली आणि वर्षाअखेरीस आठवणीतून निसटली, तर दोष गाण्यांचा नाही. म्हणून यादीचे काम वर्षाच्या सुरुवातीलाच सुरू करावे.

नोंदवही

साधी वही पुरते. मोबाइलमध्ये तक्ता करणे ज्यांना सोयीचे वाटते त्यांनी तसे करावे. प्रसिद्धीची तारीख, कलाकार, गाण्याचे नाव, ते अल्बमचे टायटल ट्रॅक (प्रचाराचे मुख्य गाणे) आहे की बी-साइड (बाकीच्यांपैकी एक), आणि पहिल्यांदा ऐकल्यावर मनात आलेले एकच वाक्य, एवढे रकाने हवेत. त्यांच्या पुढे आणखी दोन रकाने रिकामे सोडावेत, एक आठवड्यानंतरच्या मतासाठी आणि दुसरा महिन्यानंतरच्या. या तक्त्यातला सर्वांत मोलाचा भाग हे दोन रिकामे रकानेच आहेत. पहिल्या दिवशी ‘ठीक आहे’ असा शेरा मिळालेले गाणे महिन्याने भांडी घासताना आपोआप ओठांवर येते, आणि ज्यावर आपण पहिल्या दिवशी फिदा झालो होतो त्याची सुरावटही नंतर आठवत नाही, हा अनुभव इतक्या वेळा येतो की पहिल्या मतावर फारसा विश्वास ठेवू नये.

बहुतेक नवी गाणी कोरियन वेळेनुसार संध्याकाळी सहा वाजता, म्हणजे भारतात दुपारी अडीचला येतात. अमेरिकेतले श्रोते डोळ्यांसमोर ठेवून काढलेली गाणी मात्र कोरियातल्या दुपारी एक वाजता, म्हणजे आपल्याकडे सकाळी साडेनऊला येतात. ‘बीटीएस’ गटातल्या जंगकुकचे ‘सेव्हन’ १४ जुलै २०२३ रोजी असेच आले होते. ही दोन्ही घड्याळे आपल्या कामाच्या वेळांत येत असल्यामुळे कार्यालयात चोरून अर्धवट ऐकण्यापेक्षा रात्री निवांत ऐकावे आणि नोंदही त्याच रात्री करावी.

वर्षाची हद्द

एखादे गाणे नेमके कोणत्या वर्षाचे, हा प्रश्न दिसतो तितका सोपा नाही. न्यूजीन्स या मुलींच्या गटाचे ‘डिट्टो’ १९ डिसेंबर २०२२ रोजी प्रसिद्ध झाले. ते सर्वाधिक वाजले २०२३ मध्ये, ‘मामा’ या कोरियन संगीत पुरस्कार सोहळ्यात वर्षातले सर्वोत्तम गाणे म्हणून त्याचा गौरव झाला तोही २०२३ मध्ये, आणि कोरियन म्युझिक अवॉर्ड्समधला त्याच नावाचा सन्मान त्याला मिळाला फेब्रुवारी २०२४ मध्ये. केवळ तारखेवर बोट ठेवले, तर हे गाणे २०२२ च्या यादीत जाते. पण ती यादी तर ते रुजण्याआधीच तयार झालेली असते, त्यामुळे ते कोणत्याच यादीत नीट बसत नाही. यावर उपाय एवढाच की आपले वर्ष १ डिसेंबरला सुरू करावे आणि पुढच्या ३० नोव्हेंबरला संपवावे. असे केले की डिसेंबरच्या प्रत्येक गाण्याला ऐकले जाण्यासाठी पूर्ण वर्ष मिळते, आणि यादी जुळवायला डिसेंबर महिना मोकळा राहतो. नियम कोणताही ठरवा, मात्र वर्षाच्या मध्यावर तो बदलू नका.

जुनी गाणी अचानक वर येतात, त्यांचे काय करायचे, हेही आधीच ठरवलेले बरे. ब्रेव्ह गर्ल्सचे ‘रोलिन’ मार्च २०१७ मध्ये आले तेव्हा फारसे कुणी ऐकले नाही; सैन्याच्या छावण्यांमधल्या त्यांच्या कार्यक्रमांची चित्रफीत २०२१ च्या फेब्रुवारीअखेर पसरली आणि गट विसर्जित होण्याच्या बेतात असताना हे गाणे पहिल्या क्रमांकावर पोचले. त्याआधी ईएक्सआयडीचे ‘अप अँड डाऊन’ २०१४ मध्ये एका प्रेक्षकाने टिपलेल्या फॅनकॅममुळे असेच मागून वर आले होते. उलट दिशेने गाडी हाकावी तशी ही चाल असल्यामुळे कोरियन भाषेत तिला ‘योकजुहेंग’ म्हणतात. २०२४ मध्ये डे-सिक्स या बँडच्या २०१७ आणि २०१९ सालच्या गाण्यांच्या बाबतीत तेच घडले. अशा गाण्यांसाठी वहीत शेवटचे पान राखून ठेवावे. ती आपल्याला या वर्षी भेटली हे खरे असले, तरी मुख्य यादीत ती आली की या वर्षी खपून केलेल्या नव्या कामाची जागा जाते.

काय काय ऐकावे

टायटल ट्रॅकवर थांबणारा श्रोता अर्ध्याहून अधिक वर्ष गमावतो. टायटल ट्रॅक म्हणजे कंपनीने प्रचारासाठी निवडलेले गाणे. ते अल्बममधले सर्वोत्तम असेलच असे नाही, आणि लोकांची पसंतीही नेहमी त्याच्यासोबत जात नाही. जी-आयडलच्या ‘टू’चे टायटल ट्रॅक ‘सुपर लेडी’ होते, परंतु कोरियातल्या याद्यांच्या शिखरावर पोचले ते कंपनीने पुढे न केलेले ‘फेट’. डे-सिक्सच्या ‘हॅपी’लाही २०२४ मध्ये टायटल ट्रॅकचा मान नव्हता. म्हणून ज्या कलाकाराचे टायटल ट्रॅक पसंत पडले त्याचा आख्खा अल्बम एकदा तरी ऐकावा. आजकाल त्याला वेळही फार लागत नाही: न्यूजीन्सच्या ‘गेट अप’मधली सहा गाणी मिळून जेमतेम बारा मिनिटांची आहेत आणि त्यातले ‘सुपर शाय’ २ मिनिटे ३४ सेकंदांत संपते.

बँड, एकल गायक आणि मालिकांची गाणी यांनाही यादीत जागा द्यावी. ‘सेव्हन’सारखे संपूर्ण इंग्रजी गाणे घ्यायचे की नाही, हा ज्याच्या त्याच्या आवडीचा प्रश्न आहे. मी घेतो, कारण भाषेच्या निकषावर ते वगळले, तर ‘ब्लॅकपिंक’ गटातली रोझे आणि अमेरिकी गायक ब्रुनो मार्स यांच्या ‘आपातू’ (‘APT.’) या गाण्याचा निर्णय करताना पंचाईत होते: शब्द बहुतांशी इंग्रजी, पण गाण्याचा कणा असलेली हाक कोरियातल्या मद्यपानाच्या बैठकीत खेळल्या जाणाऱ्या खेळातली. एका कलाकाराची दोनपेक्षा जास्त गाणी मात्र घेऊ नयेत. हे बंधन कलाकारासाठी नाही, आपल्यातल्या चाहत्यासाठी आहे.

कसे ऐकावे

पहिले ऐकणे चित्रफितीशिवाय असावे. कोरियन पॉपची चित्रफीत इतकी देखणी असते, तिच्यातले कपडे, रंग आणि नाच डोळ्यांना इतके गुंतवतात, की कानांनी काय ऐकले हे सांगणे कठीण होते. हेडफोन लावावेत, पडदा बंद करावा, गाणे लागोपाठ दोनदा ऐकावे. चित्रफीत आणि मंचावरचे सादरीकरण त्यानंतर पाहावे आणि त्यामुळे मत बदलले, तर तेही वहीत लिहावे. एखादे गाणे नाचासकटच पूर्ण होते हा त्याचा कमीपणा नाही. ते माहीत असलेले बरे, एवढेच.

ऐकताना ठेका आणि गळा यांच्यातल्या नात्याकडे लक्ष द्यावे. ‘डिट्टो’मध्ये खाली धावता, तुटक क्लब-ठेका आहे आणि वर गाणारे आवाज मात्र शाळा सुटल्यावर रेंगाळणाऱ्या मुलींसारखे मंद आहेत, ठेक्याची घाई आणि आवाजाची सावकाशी यांच्यातल्या अंतरात त्या गाण्याची हुरहुर आहे. संगीतकार ‘२५०’ याने ते अंतर शेवटपर्यंत मिटू दिले नाही, कुठेही मोठा धमाका केला नाही. एस्पा या मुलींच्या गटाचे ‘सुपरनोव्हा’ याच्या दुसऱ्या टोकाला आहे. तिथे आवाज ठेक्याचाच भाग होतात, शब्द तोडून तालवाद्यासारखे आपटले जातात आणि सुरावट जवळपास उरतच नाही. सुरावटीवर वाढलेल्या मराठी कानाला ते सुरुवातीला कोरडे वाटते. मलाही वाटले होते. तीन आठवड्यांनी माझ्या वहीत ‘लोखंडी, पण डोक्यातून जात नाही’ असा शेरा आहे. २०२४ चा ‘मामा’मधला सर्वोत्तम गाण्याचा मान त्यालाच मिळाला, पण तो शेरा त्याच्या कितीतरी आधीचा आहे.

शब्दांकडे तिसऱ्या ऐकण्यानंतर वळावे. गाण्याच्या अधिकृत इंग्रजी नावावर विसंबू नये, कारण ते बऱ्याचदा भाषांतर नसतेच. ‘फेट’चे कोरियन नाव ‘दुखणे मला अजिबात सहन होत नाही म्हणून’ अशा अर्थाचे आहे. ‘प्लॉट ट्विस्ट’चे नाव ‘पहिली भेट ठरवल्याप्रमाणे होत नाही’ असे आहे. मूळ नाव कळले, की गाण्याचा सूर एकदम जवळचा होतो. इथे मराठी श्रोत्याला एक आयती सोय आहे. कोरियन वाक्यात क्रियापद शेवटी येते आणि नामाला प्रत्यय मागून लागतात. ‘नानुन नोरुल सारांगहे’ हे ‘मी तुझ्यावर प्रेम करतो’ याच क्रमाने उलगडते. इंग्रजी उपशीर्षके ओळीचा शेवट आधीच सांगून टाकतात. त्यामुळे भाषांतर इंग्रजीत वाचले, तरी मनात ते मराठी क्रमाने लावून पाहावे. गायिकेने ओळीच्या शेवटच्या अक्षरावर श्वास का रोखून धरला असेल, हे तेव्हा कळते.

याद्यांचा उपयोग किती करावा

बिनाका गीतमालेची पायदाने रेकॉर्डांची विक्री आणि श्रोता संघांचा कौल यांवर ठरत, आणि कोणते गाणे वर का गेले यावर घराघरांत वाद होत. कोरियातल्या याद्यांबाबतही त्या नेमके काय मोजतात हे आधी समजून घ्यावे. ‘मेलॉन’ ही तिथली मोठी श्रवणसेवा आपल्या ग्राहकांचे ऐकणे मोजते. ‘सर्कल चार्ट’, ज्याचे नाव जुलै २०२२ पर्यंत ‘गाओन’ होते, अनेक सेवांची आकडेवारी एकत्र करते आणि तिचा आठवडा रविवारी सुरू होतो. ‘म्युझिक बँक’, ‘इन्किगायो’ यांसारख्या साप्ताहिक दूरदर्शन कार्यक्रमांतल्या विजयात मात्र अल्बमविक्री, प्रसारण, मते असे बरेच काही मिसळलेले असते. अल्बमविक्री ही गाण्याच्या आवडीची खूण मानू नये. अल्बमच्या आत कुणाचे फोटोकार्ड, म्हणजे सदस्याचे छोटे छायाचित्र, निघेल या आशेने एकच चाहता दहा प्रती घेतो. चाहते ठरवून रात्रभर गाणे वाजवत ठेवतात, तेही आकड्यांत उतरते.

त्यामुळे या याद्या आपला क्रम ठरवण्यासाठी वापरू नयेत, आपल्याकडून काय सुटले ते शोधण्यासाठी वापराव्यात. नोव्हेंबरच्या शेवटी सर्कलच्या डिजिटल यादीवरून नजर फिरवावी आणि जी नावे वहीत नाहीत ती ऐकावीत. माझ्याकडून २०२४ मध्ये क्यूडब्ल्यूईआर या मुलींच्या बँडचे गाणे असेच सुटले होते. विक्री न पाहता समीक्षक निवड करतात त्या कोरियन म्युझिक अवॉर्ड्सची नामांकने फेब्रुवारीच्या सोहळ्याआधी येतात. ती पुढच्या वर्षाच्या वहीत शेवटच्या पानावर उतरवून ठेवावीत.

क्रम लावणे

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात वही मिटून, न बघता, आठवतील ती गाणी गुणगुणून पाहावीत आणि त्यांची नावे वेगळ्या कागदावर लिहावीत. मग वही उघडून महिन्यानंतरच्या रकान्यात चांगला शेरा असलेली नावे त्यांत मिळवावीत. या दोन्हींतून साधारण पंचवीस-तीस गाणी उरतात. त्यांना गुण देण्याच्या भानगडीत पडू नये, कारण साडेआठ आणि पावणेनऊ यांत फरक कोणता हे आपले आपल्यालाच सांगता येत नाही. त्याऐवजी दोन-दोन गाणी समोरासमोर ठेवावीत आणि ‘आत्ता यांतले एकच ऐकायला मिळणार असेल, तर कोणते?’ एवढेच विचारावे. पहिली दहा अशी लावावीत आणि उरलेली तारखेच्या क्रमाने ठेवावीत. सतरावे आणि अठरावे यांत निवाडा करण्याचा आव आणण्यात अर्थ नाही.

दहांपैकी प्रत्येकावर दोन-तीन वाक्ये लिहावीत, आणि त्यांत गटाचे नाव, सदस्यांचे रूप किंवा विक्रीचा आकडा येऊ देऊ नये. ज्या गाण्याबद्दल या अटीवर काहीच लिहिता येत नाही, ते बहुधा आपल्या बायसच्या, म्हणजे गटातल्या लाडक्या सदस्याच्या, प्रेमापोटी यादीत आलेले असते. ते खाली सरकवावे. माझ्या एका यादीत या चाचणीने पाचव्या क्रमांकाचे गाणे बाहेर गेले आणि मला त्याचे वाईट वाटले, पण वाक्य काही सुचेना.

शेवटी पूर्ण यादी एकदा सलग वाजवावी, दहाव्यापासून पहिल्यापर्यंत. क्रम चुकला असेल, तर कान अडखळतो. बहुतेक वेळा तिसऱ्या-चौथ्याची अदलाबदल करावी लागते. मग खाली तारीख घालून यादी बंद करावी. डिसेंबरमध्ये आतापर्यंत आलेली गाणी एव्हाना नव्या वहीच्या पहिल्या पानावर लिहिलेली असतील, आणि त्यांच्यापुढचे दोन रकाने रिकामे असतील.