दोन एअरिडिस ओळखताना या चुका टाळा

सह्याद्रीत साधारण मे ते जुलै या काळात झाडांवर फुलणाऱ्या एअरिडिस क्रिस्पा आणि एअरिडिस मॅक्युलोजा या दोन आमरींची (ऑर्किडची) नावे नवखे निरीक्षक सर्रास उलटी लिहितात आणि तीच चूक पुढच्या याद्यांत उतरत जाते.

सर्वांत मोठी चूक म्हणजे गुलाबी रंगावर विसंबणे. आंबोलीला एका जूनमध्ये धुक्यातून, वीस-पंचवीस फूट उंचीवरचे फुलोरे खालून पाहून मी 12 झाडांवर क्रिस्पाची नोंद केली होती. पुढच्या वर्षी त्यांपैकी एका आंब्याची फांदी वादळात मोडून पडली, तेव्हा तिच्यावरचे फूल प्रथमच डोळ्यांसमोर धरता आले आणि पाकळ्यांवर जांभळे ठिपके स्वच्छ दिसले. ती मॅक्युलोजा होती. उरलेली 11 झाडे दुर्बिणीने पुन्हा तपासण्यात पाऊस झेलत दोन दिवस गेले आणि त्यांतील बहुतेक नोंदी बदलाव्या लागल्या. तेव्हापासून मी रंग शेवटी पाहतो आणि ओठ, म्हणजे फुलाची वेगळ्या आकाराची पाकळी, आधी. क्रिस्पाच्या ओठाच्या मधल्या खंडाची कड झालरीसारखी चुरमुडलेली असते, तर मॅक्युलोजाच्या त्याच खंडाची कड बरीच सरळ असते. क्रिस्पाचे फूलही ठळकपणे मोठे असते. लॅटिनमध्ये पहिल्या नावाचा अर्थ कुरळी आणि दुसऱ्याचा ठिपकेदार, म्हणजे ओळखीची खूण नावातच दिलेली आहे.

अख्ख्या फुलोऱ्याचे एकच छायाचित्र घेऊन मोबाइलमधील ॲपला नाव विचारणे हा आळस आहे. मी एक फूल समोरून, एक बाजूने आणि एक पूर्ण फुलोरा अशी किमान तीन छायाचित्रे घेतो. एवढा धीर नसेल, तर जातीचे नाव लिहू नये.

फुले नसताना केवळ पानांवरून जात ठरवू नये. अशा वेळी मी नुसते ‘एअरिडिस’ लिहितो.

नमुन्यासाठी आमरी उपटू नये. आमरी बांडगूळ नाही, ती आंब्याचा रस शोषत नाही, त्यामुळे झाड वाचवण्याची सबबही येथे चालत नाही.

जुन्या ग्रंथांत क्रिस्पम आणि मॅक्युलोजम अशी रूपे आढळतात. तो केवळ व्याकरणातील लिंगाचा फरक आहे, म्हणून एकाच जातीसाठी यादीत दोन ओळी करू नयेत.