ड्राफ्टसाठी रिसीव्हर पाहताना मोकळ्या जागेने मला कसं फसवलं

एनएफएल या अमेरिकन फुटबॉल लीगच्या ड्राफ्टमध्ये संघ आळीपाळीने कॉलेजचे खेळाडू निवडतात. असे खेळाडू पारखायच्या माझ्या पहिल्या वर्षी मी एका वाइड रिसीव्हरला, म्हणजे पास झेलणाऱ्या खेळाडूला, दुसऱ्या फेरीचा ग्रेड दिला होता. एप्रिलमध्ये सातही फेऱ्या संपल्या, अडीचशेच्या वर नावं पुकारली गेली, पण त्याचं नाव आलंच नाही. ड्राफ्टनंतर एका संघाने त्याला सरावाला बोलावलं आणि ऑगस्टच्या अखेरीस सोडून दिलं. त्याचं नाव इथे लिहीत नाही, कारण चूक त्याची नव्हती. तो जसा होता तसाच फिल्मवर होता, मला तो दिसला नाही.

ही गोष्ट अजून टोचते, म्हणूनच लिहायला बसले. गेल्या दोन वर्षांत इथे अमेरिकेत शिकायला आलेल्या आणि इथेच वाढलेल्या बऱ्याच मराठी मुलामुलींनी मला विचारलं की कॉलेज फुटबॉलचे खेळाडू एनएफएलच्या दृष्टीने पाहायला कसं शिकायचं. खेळाचे नियम तुम्हाला माहीत आहेत, ड्राफ्ट कसा चालतो तेही माहीत आहे, असं धरून चालते.

मी मूळची सांगलीची. एमएससाठी मिडवेस्टमधल्या एका मोठ्या विद्यापीठात आले आणि तिथल्या फुटबॉल संघाच्या व्हिडिओ रूममध्ये मला तासावर काम मिळालं. सामन्याची फिल्म स्नॅपनुसार (चेंडू मागे देऊन सुरू होणारा एकेक डाव) कापायची आणि प्रत्येक तुकड्याला लेबल लावायचं: कितवा डाउन (प्रयत्न), किती यार्ड हवेत, चेंडू कुठल्या हॅशवर (मैदानाच्या मधल्या भागातल्या खुणांच्या दोन रांगा; डाव त्यांच्यावरून किंवा त्यांच्यामधून सुरू होतो), फॉर्मेशन (खेळाडूंची मांडणी) कोणतं. रात्री एक-दीडपर्यंत हेच. हे सांगायचं कारण म्हणजे ज्या गोष्टीने मला फसवलं ती मी स्वतःच्या हाताने हजारो वेळा टाइप केली होती. डावा हॅश, उजवा हॅश, मधला. टाइप करत होते, पण त्यावर विचार कधी केला नाही.

विद्यापीठातल्या दुसऱ्या वर्षी एका छोट्या स्काउटिंग सेवेसाठी (खेळाडू पारखून देणारी संस्था) रिपोर्ट लिहायची संधी मिळाली. तिथल्या एका ज्येष्ठ, निवृत्त स्काउटला मी कोच म्हणते. त्यांनी मला तो रिसीव्हर दिला आणि एवढंच सांगितलं, "चार सामने बघ आणि लिही." मी मात्र आधी त्याच्या झेलांची कापलेली फिल्म शोधली. सगळे झेल एकापाठोपाठ एक, पंधरा मिनिटांत हंगाम बघून झाला. पोरगा उंच होता, हात मऊ होते, झेल घेतल्यावर पहिल्याच पावलात वळायचा. मग चार सामने पाहिले, पण डोळ्यांत तेच झेल बसले होते. मला जे आधीच पटलं होतं त्याचे पुरावे तेवढे मी गोळा करत गेले.

ड्राफ्टनंतर कोचनी मला शेजारी बसवलं आणि एकच प्रश्न विचारला, "यातल्या किती झेलांत कॉर्नर त्याच्या हाताच्या अंतरावर उभा होता?"

कॉर्नर म्हणजे रिसीव्हरला रोखणारा बचावपटू. आम्ही मोजले. एकसष्ट झेलांपैकी चार.

उरलेल्या सत्तावन्न झेलांत कॉर्नर सात-आठ यार्ड मागे होता, किंवा रिसीव्हर स्लॉटमध्ये (कडेला नव्हे, आतल्या बाजूला) होता, किंवा स्नॅपच्या आधी त्याला मोशनमध्ये आडवा पळवत नेला होता. त्याला कोणी हातच लावत नव्हतं. पहिली पाच यार्डं तो मोकळा पळायचा आणि मी त्याला "सफाईदार रूट" (ठरलेला धावमार्ग) म्हणून गुण देत होते.

आता हे नीट समजून घ्या, कारण बाकी सगळं चुकलं तरी सुधारता येतं, पण हे चुकलं की रिपोर्ट मुळातच वाकडा होतो. मैदान कॉलेज आणि एनएफएल दोन्हींत सारख्याच रुंदीचं असतं, १६० फूट. फरक हॅशमध्ये आहे. कॉलेजमध्ये दोन हॅशमधलं अंतर ४० फूट, तर एनएफएलमध्ये साडेअठरा फूट. वाचताना हा बारीकसा तांत्रिक तपशील वाटतो. पण चेंडू डाव्या हॅशवर ठेवून गणित मांडा. कॉलेजमध्ये डावीकडे ६० फूट उरतात आणि उजवीकडे १००. एनएफएलमध्ये तेच साधारण ७१ आणि ८९. म्हणजे कॉलेजच्या रुंद बाजूला बचावाला अकरा फूट जास्त जागा राखायची असते आणि माणसं तेवढीच असतात. मग तिथला कॉर्नर काय करतो? मागे सरकतो. डोक्यावरून चेंडू जाण्यापेक्षा समोर पाच यार्ड दिलेले परवडले. चांगला प्रशिक्षक आपला रिसीव्हर नेमका तिथेच उभा करतो, ते त्याचं कामच आहे.

त्यात पास टाकताना कॉलेजमध्ये ऑफेन्सिव्ह लाइनमन (क्वार्टरबॅकसमोरची, म्हणजे पास टाकणाऱ्यासमोरची फळी) तीन यार्ड पुढे जाऊ शकतात, एनएफएलमध्ये एकच. त्यामुळे कॉलेजमध्ये आरपीओवर (रन की पास हे क्वार्टरबॅक ऐनवेळी ठरवतो तो डाव) लाइनबॅकर (मधल्या फळीतला बचावपटू) रन समजून पुढे ओढला जातो आणि त्याच्या पाठीमागे स्लँटला (आतल्या बाजूची तिरकी धाव) दारं उघडी पडतात. तो झेल हातांनी घेतला हे खरं, पण ती जागा रिसीव्हरने कमावलेली नव्हती, आखणीने त्याला दिलेली होती. एनएफएलमध्ये गेल्यावर ती आखणी त्याच्याबरोबर जाईलच असं नाही. बरोबर जातात ते त्याचे पाय, हात आणि नजर.

माझे बाबा तरुणपणी कबड्डी खेळायचे. चढाईपटू कसा आहे हे गुणफलकावरून कळत नाही असं ते नेहमी म्हणतात. कोपरारक्षक अंगावर आल्यावर त्याचं वजन कुठल्या पायावर असतं ते बघायचं. फोनवर त्यांना हा सगळा प्रकार सांगितला तेव्हा ते म्हणाले, "अगं, पकडायला कोणी आलंच नाही तर ती चढाई कसली?" लहानपणापासून हे ऐकत आले होते, आणि तरीही फिल्मसमोर बसल्यावर मी झेलच मोजले.

त्या चार झेलांपैकी एक कोचनी मला पुन्हा पुन्हा दाखवला. बाउंड्रीच्या बाजूला, म्हणजे अरुंद बाजूला, कॉर्नर एका यार्डावर. स्नॅप झाला. रिसीव्हरने जागच्या जागी पाय आपटायला सुरुवात केली: एक, दोन, तीन. पावलं जलद होती, पण तो पुढे सरकतच नव्हता. खांदे ताठ, छाती उघडी. कॉर्नरने डावा हात बरगडीवर ठेवला आणि त्याला साइडलाइनकडे ढकलत नेलं. फेड रूटला (साइडलाइनलगतची लांब धाव) रिसीव्हर आणि साइडलाइन यांच्यात चारेक यार्ड जागा हवी, म्हणजे क्वार्टरबॅकला चेंडू तिथे टाकता येतो. इथे एकच यार्ड उरली होती. चेंडू जरासा मागे पडला, रिसीव्हर वळला, कॉर्नरच्या डोक्यावरून त्याने तो उचलला. स्टेडियम उठून उभं राहिलं असणार. मी माझ्या वहीत "अवघड झेल, जबरदस्त" असं लिहिलं होतं. कोच म्हणाले, "झेल अवघड कोणी केला?" त्यानेच केला होता, पहिल्या तीन पावलांत. शिवाय त्याचा एकच पाय आत होता. कॉलेजमध्ये एक पाय पुरतो, एनएफएलमध्ये दोन लागतात. तिथे हा झेल धरलाच गेला नसता.

म्हणून आता मी ग्रेडच्या आधी तक्ता भरते. प्रत्येक पास-स्नॅपला, चेंडू त्याच्याकडे येवो न येवो: कुठला हॅश, रुंद बाजू की अरुंद, कॉर्नर किती यार्डांवर, मोशन होतं का, अंगाला हात लागला का, आणि तिसऱ्या पावलाला तो कुठे होता. कंटाळवाणं आहे. एका सामन्याला माझे तीन तास जातात. पण यातून पळवाट काढू नका. झेलांच्या कापलेल्या फिल्म हा या धंद्यातला सगळ्यात वाईट शॉर्टकट आहे असं माझं ठाम मत आहे, कारण चेंडू न आलेले स्नॅप त्यात नसतातच. चेंडू का आला नाही, हाच तर प्रश्न असतो! टीव्हीच्या प्रक्षेपणातही रिसीव्हर दहा यार्ड गेला की चौकटीबाहेर जातो. बावीसही खेळाडू दिसतील अशी कोचेसची फिल्म बाहेरच्या माणसाला कॉलेजसाठी सहजी मिळत नाही. ती हवी असेल तर व्हिडिओ रूममध्ये पडेल ते काम मागा. कॅमेऱ्याची तिपाई उचलायला लागली तरी उचला.

धावण्याच्या आकड्यांबद्दल थोडक्यात. इंडियानापोलिसच्या कम्बाइनमधली (ड्राफ्टआधीची शारीरिक चाचणी) चाळीस यार्डांची शर्यत पाहायला छान वाटते. २०१७ मध्ये जॉन रॉस ४.२२ सेकंदांत धावला, तेव्हाचा विक्रम केला आणि नवव्या क्रमांकावर निवडला गेला. पहिल्या हंगामात दुखापतींमुळे तो फारसा खेळला नाही आणि त्याच्या नावावर एकही झेल लागला नाही. त्याच वर्षी ईस्टर्न वॉशिंग्टनसारख्या छोट्या कॉलेजचा कूपर कप ४.६२ धावला आणि तिसऱ्या फेरीत ६९ व्या क्रमांकावर गेला. २०२१ च्या हंगामात त्याने १४५ झेल आणि १,९४७ यार्ड केले आणि सुपर बोलचा, म्हणजे अंतिम सामन्याचा, सर्वोत्तम खेळाडू ठरला. म्हणून वेग बिनकामाचा असं मी म्हणत नाही. वेग असेल तर कॉर्नर घाबरून मागे उभा राहतो, ही मोठीच गोष्ट आहे. फक्त आकडा फिल्मच्या नंतर बघा. आधी बघितलात तर फिल्मवर तोच आकडा दिसायला लागतो.

तेच मॉक ड्राफ्टचं, म्हणजे कोण कुठे निवडला जाईल याच्या अंदाजांचं. जानेवारी ते एप्रिल इंटरनेटवर त्याचा पूर येतो. रिपोर्ट लिहून होईपर्यंत एकही वाचू नका. मार्गदर्शकाच्या बाबतीत मी याहून कडक आहे: तुम्ही फिल्म बघायच्या आधी जो स्वतःचा ग्रेड सांगतो, त्याच्याकडून शिकायला मिळत नाही, त्याचं मत तेवढं चिकटतं. कोचनी मला चुकू दिलं, लेखी चुकू दिलं आणि ड्राफ्ट होईपर्यंत वाट पाहिली. तेव्हा मला त्यांचा राग आला होता, आज तो उपकार वाटतो. आणि आठ आठवड्यांत स्काउट बनवण्याचे हजार-हजार डॉलरचे कोर्स घेऊ नका. तेवढ्या पैशांत वर्षभर फिल्म बघून होईल.

व्हिसावर असलेल्यांनी हे लक्ष देऊन वाचा. एफ-१ (विद्यार्थी) व्हिसावर सत्र चालू असताना कॅम्पसवर आठवड्याला २० तासांपर्यंतच काम करता येतं. व्हिडिओ रूमवाले हंगामात सहज जास्त मागतात, तेव्हा नाही म्हणायला शिका. कॅम्पसबाहेरचं काम बिनपगारी असलं तरी आधी आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयात जाऊन विचारा आणि उत्तर लेखी घ्या. "नुसतेच रिपोर्ट लिहितोय" असं म्हणून कोणी सुटत नाही. शिवाय या क्षेत्रात सुरुवातीला पैसा जवळपास नसतो. माझं घर आजही डेटाच्या नोकरीवर चालतं आणि रिपोर्ट रात्री होतात. हे माहीत असूनही यायचं असेल तर या.

आणि चुकाल तेव्हा खचू नका, हे मनापासून सांगते. ज्यांचं पोट यावर आहे, ज्यांच्याकडे वैद्यकीय तपासणीचे कागद असतात, जे खेळाडूच्या शाळेतल्या प्रशिक्षकापर्यंत जाऊन येतात, तेही चुकतात. पुढे दिग्गज क्वार्टरबॅक ठरलेला टॉम ब्रेडी २००० मध्ये १९९ वा गेला. ब्रॉक पर्डी २०२२ मध्ये २६२ वा, म्हणजे अगदी शेवटचा. पुका नाकुआ २०२३ मध्ये पाचव्या फेरीत गेला आणि पहिल्याच हंगामात त्याने १०५ झेल घेतले, नवख्यांचा तेव्हाचा विक्रम. प्रत्येक संघ त्यांना सोडून पुढे गेला होता, काही संघ तर अनेकदा.

पण चूक कुठल्या रकान्यात झाली हे तुम्हाला सांगता आलं पाहिजे. म्हणून आजकाल प्रेसविरुद्धचे (कॉर्नर अगदी समोर उभा असतानाचे) स्नॅप वीसच्या आत असतील तर मी त्या रकान्यात गुणच टाकत नाही, "पाहायला मिळालं नाही" असं लिहिते. पहिल्यांदा लिहिलं तेव्हा हात अडखळला होता, कारण वाटलं की कामचुकारपणा दिसेल. कोचनी तो कागद वाचला, बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, "मग कुठे पाहायला मिळेल ते शोध."

शोधलं. अलाबामातल्या मोबाइल शहरात सीनियर बोल (ड्राफ्टला येणाऱ्या कॉलेज खेळाडूंचा निवडक सामना) होतो, त्याच्या आधी त्या आठवड्यात सराव असतो आणि त्यात रिसीव्हर-कॉर्नर समोरासमोरची कसरत असते. आत सेफ्टीची (सर्वांत मागच्या बचावपटूची) मदत नसल्याने ती रिसीव्हरला सोपी जाते, झेलांवर जाऊ नका, पहिली तीन पावलं तेवढी बघा. ज्याच्या रकान्यात मी पहिल्यांदा तसं लिहिलं होतं, त्या खेळाडूचे तीन दिवसांत मिळून बारा स्नॅप होते, बाराही प्रेसविरुद्ध. त्या बारा स्नॅपवर मी अख्खी रविवारची सकाळ बसले.