फ्रेंच व्हाइट वाइन बेचव लागते? या चुका टाळा

चांगली शाब्ली, म्हणजे फ्रान्सच्या शाब्ली गावाकडची व्हाइट वाइन, आणली, रात्रभर फ्रीजमध्ये ठेवली, पाहुणे आल्यावर थेट ग्लासात ओतली आणि हाती लागलं नुसतं गार, आंबट पाणी. ही तक्रार मी फार ऐकतो, आणि दर वेळी त्या बाटलीसाठी जीव हळहळतो. घरचा फ्रीज साधारण ४-५ अंशांवर चालतो. इतक्या गारठ्यात वाइनचे सुवास वर उठतच नाहीत, आंबटपणा मात्र टोकदार होऊन जिभेला बोचतो. ल्वार नदीच्या मुखाकडची हलकी म्युस्काडे ८ अंशांना छान लागते. शाब्लीला १०-११ हवेत, आणि मर्सो किंवा प्युलिन्यी-मोंराशेसारखी बर्गंडी प्रदेशातली भरदार वाइन १२-१३ अंशांवरच खुलते. म्हणून बाटली वीसेक मिनिटं आधी बाहेर काढा. आपल्याकडच्या उन्हाळ्यात दहाही पुरतात. ओतून झालीच असेल तर ग्लास तळव्यांत धरून थांबा. आधी लिंबाची साल, मग हिरवं सफरचंद, मग ओल्या खडूसारखा वास येईल.

त्या खडूबद्दल एक गैरसमज आहे. शाब्लीच्या किमरिजियन मातीत जुरासिक काळातल्या चिमुकल्या कालवांचे जीवाश्म खच्चून भरलेत, हे खरं. पण वेल मुळांवाटे कालवांची चव शोषून द्राक्षात आणत नाही. तिथल्या थंड हवेत द्राक्षाचं आम्ल टिकून राहतं, त्या ताजेपणाचा यात मोठा वाटा आहे.

लेबल वाचतानाही घोटाळा होतो. फ्रान्समध्ये बाटलीवर बहुधा द्राक्षाऐवजी गावाचं किंवा प्रदेशाचं नाव असतं. पुई-फ्युमे आणि पुई-फ्विसे ही नावं जुळ्या भावांसारखी. पण पहिली ल्वारकाठची, सोव्हिन्यों ब्लां द्राक्षाची, तर दुसरी दक्षिण बर्गंडीतली, शार्डोनेची. शाब्ली आणि मर्सो दोन्ही शार्डोनेच्याच, तरी मर्सोत लोणी आणि भाजलेल्या बदामाचा वास येतो. लोण्याचं कारण असं: द्राक्षातलं मॅलिक आम्ल, म्हणजे हिरव्या सफरचंदातलं, जिवाणू दह्यातल्या लॅक्टिक आम्लात बदलतात आणि त्या ओघात डायअसिटिल नावाचा सुगंधी पदार्थ तयार होतो. भाजकेपणा मुख्यतः ओकच्या पिंपातून येतो. तेव्हा ‘मला शार्डोने आवडत नाही’ असं एका बाटलीवरून ठरवू नका.

गोडीचा अंदाज चुकणंही नेहमीचंच. वूव्रे ही शेनिन ब्लां द्राक्षाची वाइन. नाशिककडेही हे द्राक्ष पिकतं आणि तिथल्या बऱ्याच शेनिन वाइन किंचित गोडसर असतात, त्यामुळे तीच अपेक्षा घेऊन आपण वूव्रे उघडतो. लेबलवर ‘सेक’ असेल तर ती कोरडी, म्हणजे गोडी नसलेली, ‘दमी-सेक’ अर्धगोड, ‘म्वालो’ चांगलीच गोड. तिखट रश्शाबरोबर माझी पसंती दमी-सेकला. ओकच्या पिंपातली मर्सो तिखटापुढे कडवट लागते.

आता बाटली खरंच बिघडली आहे का, ते कसं ओळखायचं? बुचाला किंवा तळाशी काचेसारखे कण दिसले तर घाबरू नका. ते टार्टारिक आम्लाचे क्षार, केकसाठी वापरतात त्या क्रीम ऑफ टार्टरचेच भाऊबंद. विझलेल्या काडेपेटीचा वास आला तर ग्लास फिरवत पाच-दहा मिनिटं हवा द्या. गंधकाचा तो वास बहुधा विरून जातो. पावसाळ्यात भिजलेल्या वर्तमानपत्रासारखा कुबट वास मात्र जाणार नाही. तो टीसीए या रसायनाचा, बहुधा बुचातून आलेला. अशी बाटली दुकानात निःसंकोच परत न्या.

रंग तपकिरी आणि वास काळ्या पडलेल्या सफरचंदाच्या फोडीसारखा असेल, तर वाइनला हवा लागली आहे. १९९० च्या दशकाच्या मध्यापासूनच्या बर्गंडी व्हाइटमध्ये हा दोष अकाली दिसू लागला आणि तिथले उत्पादक त्यापायी पुरते हैराण झाले. सोटेर्नला हा नियम लावू नका. ती गोड वाइन बोट्रिटिस बुरशी लागून सुकलेल्या द्राक्षांची असते. तिचा सोनेरी रंग वयानुसार गडद मधासारखा होत जातो आणि जर्दाळू, केशराची चव तेव्हाच भरात येते.

उरलेली कोरडी वाइन बूच लावून फ्रीजमध्ये ठेवा आणि दोन-तीन दिवसांत संपवा. सोटेर्न आठवडाभर सहज टिकते.