श्रद्धेची पारख : वचन आणि पुरावा कसे तपासावेत

श्रद्धा तपासणे म्हणजे श्रद्धेवर संशय घेणे, असे पुष्कळ विश्वासणाऱ्यांना वाटते. बायबलमधील 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकाच्या 17व्या अध्यायात मात्र वेगळेच चित्र दिसते. बिरुया या गावच्या लोकांनी प्रेषित पौलाचा उपदेश उत्सुकतेने ऐकला आणि तो सांगतो ते तसेच आहे काय, हे ते दररोज शास्त्रात शोधत राहिले. त्याबद्दल त्यांची तेथे स्तुतीच केली आहे. प्रत्यक्ष प्रेषिताचे बोलणे पडताळून पाहता येते, तर उपदेशकाचे किंवा आजीने सांगितलेले पडताळण्यात अनादर कसला?

प्रथम जी समजूत तपासायची ती एका वाक्यात वहीत लिहावी. नाताळच्या देखाव्यातलेच उदाहरण घेऊ : 'तीन राजे उंटांवर बसून गोठ्यात बाळ येशूच्या दर्शनाला आले.' आता मत्तयाच्या शुभवर्तमानाचा दुसरा अध्याय उघडून या वाक्यातल्या एकेका शब्दाखाली आधाराचे वचन लिहीत जावे. सोने, ऊद आणि गंधरस ही दाने तीन आहेत; माणसे किती होती, हे मत्तय सांगत नाही. तो त्यांना राजे म्हणत नाही, 'मागी' म्हणतो, म्हणजे पूर्वेकडचे ताऱ्यांचा अभ्यास करणारे ज्ञानी. राजे आणि उंट ही भर स्तोत्र 72 व यशया 60 यांच्या आधाराने पुढे पडली. मागी लोक 'घरात' गेले, असे अकराव्या वचनात आहे. गव्हाणी लूकच्या शुभवर्तमानात येते आणि तिच्यापाशी मेंढपाळ येतात. गोव्यात 6 जानेवारीला रेईस मागोस आणि चांदोर येथे राजांच्या वेशातले तीन मुलगे घोड्यांवरून निघतात. ही परंपरा मला फार प्रिय आहे आणि ती जपलीच पाहिजे. वहीत मात्र तिच्यापुढे 'परंपरा' असे लिहावे, 'वचन' असे नव्हे.

एवढे झाल्यावर, ज्या वचनाचा आधार घेतला ते मूळ लेखनातले आहे काय, हे पाहावे. त्यासाठी निदान दोन भाषांतरे शेजारी ठेवावीत. पंडिता रमाबाईंनी मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून केलेले मराठी भाषांतर मिळाल्यास तेही पाहावे. भाषांतरांत फरक दिसला की समासातली टीप वाचावी. योहानाच्या पहिल्या पत्रातील 5:7 येथे 'स्वर्गात साक्ष देणारे पिता, शब्द आणि पवित्र आत्मा' असे शब्द काही जुन्या भाषांतरांत आढळतात, पण प्राचीन ग्रीक हस्तलिखितांत ते नाहीत. ग्रीक नवा करार छापून प्रसिद्ध करणारा विद्वान इरॅस्मस याने 1516 च्या आवृत्तीत ते घातले नव्हते, 1522 च्या आवृत्तीत घातले. म्हणून त्रैक्याच्या, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव या मताच्या, समर्थनार्थ हे वचन पुढे करू नये. मात्र एवढ्यावरून त्रैक्याचे मतच कोसळले, असे म्हणणेही उतावीळपणाचे होईल, कारण मत्तय 28:19 आणि करिंथकरांस दुसरे पत्र 13:14 यांसारख्या वचनांचा विचार अजून व्हायचा असतो.

त्यानंतर शास्त्राबाहेरच्या पुराव्याकडे वळावे आणि प्रत्येक पुरावा नेमके काय सिद्ध करतो तेवढेच त्याच्या नावावर लिहावे. 1961 मध्ये कैसरिया येथे, येशूला वधस्तंभाची शिक्षा देणाऱ्या पिलाताचे नाव कोरलेला दगड सापडला. त्यावरून पिलात यहूदीयाचा रोमी अधिकारी होता हे ठरते. येशूच्या पुनरुत्थानाबद्दल तो दगड काहीच सांगत नाही. उत्साहाच्या भरात आपली माणसे नेमकी येथेच घसरतात.

आपल्या बाजूचा पुरावा तपासताना जी शिस्त पाळली, तीच अडचणीच्या पुराव्यालाही लावली पाहिजे. मत्तयाप्रमाणे येशूचा जन्म हेरोद राजाच्या हयातीत झाला आणि हेरोदाचा मृत्यू बहुतेक अभ्यासक इ. स. पूर्व 4 मध्ये धरतात. लूक 2:2 मध्ये जन्माच्या वेळच्या नावनिशीचा (शिरगणतीचा) संबंध सूरियाचा सुभेदार क्विरीनिय याच्याशी जोडला आहे, पण इतिहासकार योसेफसच्या वर्णनावरून क्विरीनियची नावनिशी इ. स. 6 मध्ये येते. मध्ये सुमारे दहा वर्षांचे अंतर पडते. ग्रीक वाक्याचा अर्थ 'क्विरीनियच्या आधीची नावनिशी' असा लावावा, असे काही जण सुचवतात. क्विरीनियकडे त्याआधीही तेथला अधिकार असावा, असा दुसरा तर्क आहे. लूकच्या कालगणनेत चूक आहे, असे अनेक अभ्यासकांचे मत आहे. पहिला अर्थ व्याकरणात ओढूनताणून बसवावा लागतो आणि दुसऱ्या तर्काला ठोस आधार नाही, असे मला वाटते. तरीही तिन्ही मते, त्यांच्या आधारांसह, आपल्या वहीत प्रामाणिकपणे उतरवावीत. त्यांच्यापुढे 'अनिर्णित' असा शेरा मारून तारीख घालावी आणि पुढच्या वाचनात नवे काही हाती लागल्यास लिहिण्यासाठी खाली अर्धे पान कोरे ठेवावे.