ओंडके फाडायला जुनी मोठी चेनसॉ घेताय? आधी सील बघा

विकणाऱ्याला फोनवरच सांगा, मी येईपर्यंत मशीन चालू करायचं नाही. पोचल्यावर पहिला हात सिलिंडरला लावा. कोमट लागला तर चहा प्या, तासभर थांबा, नाहीतर सरळ घरी या. थंड मशीन किती हिसक्यांत उठतं ते आपल्याला बघायचंय. गरम करून ठेवलेलं कुणाचंही उठतं.

निघताना टॉर्क्स की, प्लगचा पाना, बॅटरी, चिंधी घ्या. पैसे घ्यालच.

मशीन केवढं हवं? झाड आडवं कापताना दहा-वीस सेकंद रेस आणि मग दम असतो. फळी पाडताना पूर्ण रेसवर पाच-पाच मिनिटं सलग चालावं लागतं. त्यामुळे नव्वद सीसीच्या खाली उतरू नका. स्टील (Stihl) कंपनीची एमएस 660 साधारण 92 सीसीची, हुस्क्वर्नाची 395 एक्सपी 94 ची, स्टीलचीच जुनी 070 तर 106 ची आणि 880 जवळपास 122 ची. 070 दणकट आहे, पण जुन्या मशीनला बहुधा चेन ब्रेक नसतो, तेव्हा ती चालवायचं धाडस आपापलं. तिच्या नकलाही बाजारात पुष्कळ फिरतात. बार, म्हणजे चेन फिरते ती पट्टी, 36 इंची असला तरी त्यावर बसवायची फळ्या पाडायची चौकट दोन्ही टोकांना मिळून चार-पाच इंच खाते. तीस इंची ओंडक्याला तीस इंची बार घेऊन येणारे लोक मी पाहिलेत.

आता सायलेन्सर काढायला लावा. दोन-तीन बोल्ट असतात, तेवढंही नको म्हणणाऱ्याकडून काही घेऊ नका. बॅटरी मारून पिस्टन बघा. सायलेन्सरच्या बाजूला उभे ओरखडे असतील तर इंजिन कोरडं चाललंय. कार्ब्युरेटरच्या बाजूला घासल्यासारखं दिसलं तर फिल्टरमधून धूळ गेलीय. ओरखडे दिसले म्हणून घेऊच नये असं नाही, भाव पाडा आणि घ्या.

पण ओरखडे का आले, ते शोधल्याशिवाय नवीन पिस्टन बसवू नका. मी बसवला.

गोष्ट अशी की मे महिन्यात वादळात परसातला फणस आडवा झाला. पावसाच्या आधी फळ्या पाडून घेऊ, ओटीवर बाक होईल, उरलं तर पाट-चौरंग, असा बेत. मशीन मिळालं, पिस्टन ओरबाडलेला, म्हणून स्वस्तात. बोअर-पिस्टनचा सेट मागवला, एका संध्याकाळीत बसवला, दुसऱ्या हिसक्याला उठलं. सत्तरी तालुक्यातल्या सगळ्या मेकॅनिकांना शिकवणी लावावी असं वाटलं. पहिली फळी निघाली. दुसऱ्या फळीच्या मध्यावर आवाज आपोआप चढला, बारीक आणि गोड. मी म्हटलं, वा, आता मोकळं झालं! अर्ध्या मिनिटात जाम. उघडलं तर नव्या पिस्टनवर त्याच बाजूला तेच ओरखडे. फ्लायव्हीलमागचं ऑइल सील, म्हणजे क्रँकचा शाफ्ट बाहेर येतो तिथली रबरी कडी, वाळून कडक झालं होतं. चार जणांच्या पातळभाजी-पावाच्या पैशात येणारी वस्तू.

टू-स्ट्रोकचं वंगण पेट्रोलमधूनच येतं. क्रँककेसला, म्हणजे पिस्टनखालच्या पेटीला, फट असली की इंजिन तिथून नुसती हवा ओढतं. हवा वाढली, पेट्रोल तेवढंच राहिलं. मिश्रण पातळ, तापमान जास्त, वंगण अपुरं. आडव्या कापणीत हे वर्षभर लपून राहतं. फळी पाडताना दोन फळ्यांत कळतं.

म्हणून सील. क्रँकच्या दोन्ही बाजूंचं. तपासायला ब्रेक ब्लीड करायचा हातपंप लागतो, दाब आणि व्हॅक्यूम दोन्ही देणारा. सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा सायलेन्सरखाली दाबून बसवा. कार्ब्युरेटर काढून तिथलं तोंडही तसंच बंद करा, मात्र कार्ब्युरेटर आणि सिलिंडरमधला रबरी बूट जागेवरच ठेवा, कारण तोही चिरतो. प्लग घट्ट. क्रँककेसमधून कार्ब्युरेटरला जाणाऱ्या इम्पल्स नळीला पंप लावा. अर्धा बार (हा बार म्हणजे दाबाचं माप) दाब द्या, वीस सेकंद काटा हलता कामा नये. साबणाचं पाणी लावलं की बुडबुडे जागा सांगतात. इथे खूश होऊन पंप ठेवू नका. दाबाने सीलची ओठ शाफ्टला चिकटते, व्हॅक्यूमने उचलली जाते. दाबात पास झालेलं सील व्हॅक्यूममध्ये नापास होतं. तेव्हा अर्धा बार व्हॅक्यूम द्या आणि वीस सेकंद थांबा. ते 0.3 च्या खाली गेलं तर गळती आहे. क्रँक हळूहळू फिरवत परत बघा.

विकणाऱ्याच्या अंगणात हे कुणी करू देणार नाही. मग दोन्ही सील, रबरी बूट आणि इम्पल्स नळी गेलीच आहे असं धरून भाव करा, आणि घरी आल्यावर बदला. चांगली दिसली तरी बदला. माझंही सील बाहेरून चांगलंच दिसत होतं.

फ्लायव्हील काढायला पुलर आणा, हातोडी नाही. क्लचचे आटे उलटे असतात, जोर लावायच्या आधी आठवा. नव्या सीलच्या ओठीला ग्रीस लावा, बरोबर मापाच्या सॉकेटने सरळ ठोका. क्रँक हाताने वरखाली हलवून बघा. बेअरिंगला ढिलाई असेल तर नवीन सीलही महिनाभरात जाईल, तेव्हा बेअरिंगचाही खर्च धरा किंवा नाद सोडा.

सिलिंडरवर ॲल्युमिनियम चिकटलं असेल तर फरशीच्या ॲसिडने, कापसाच्या बोळ्याने, थोडं थोडं, हातमोजे घालून, मोकळ्या हवेत. आतलं कोटिंगच सुटलं असेल तर सिलिंडर भंगारात. पिस्टनवरचा बाण सायलेन्सरकडे. पिस्टनची पिन धरणारी सर्क्लिप नवीच घाला. जुनी उडाली की बोअर गेला. बसवताना क्रँककेसचं तोंड चिंधीने झाका. सगळं बसवल्यावर पंप परत लावा. हो, परत.

पेट्रोल आता वीस टक्के इथेनॉलवालं. ते ओल धरतं, आणि आपल्याकडे जून ते सप्टेंबर हवेत ओलीशिवाय दुसरं काय असतं? कार्ब्युरेटरचे पडदे कडक झाले असतील, किट टाका, नळी आणि टाकीतला फिल्टर बदला. आठवड्यात संपेल तेवढंच मिक्स करा. लिटरला 20 मिली टू-टी ऑइल म्हणजे 50 ला 1. फळ्यांसाठी मी 25 घालतो. इथेनॉलने मिश्रण आणखी पातळ होतं, म्हणून कार्ब्युरेटरचा एचचा स्क्रू, म्हणजे पूर्ण रेसचं पेट्रोल ठरवणारा, थोडा सैल ठेवा. रिकामं पूर्ण रेसला मशीन जरा भरभरलं पाहिजे आणि लाकडात गेल्यावर तो आवाज मोकळा झाला पाहिजे. गोड आवाजाच्या मागे लागून स्क्रू आवळू नका. आणि स्क्रूने सील दुरुस्त होत नाही. मी तेही करून बघितलं.

चेन उभ्या फाडणीची, दहा अंशाला घासलेली. बारच्या टोकाला वेगळं तेल सोडायची सोय करा. स्टीलचा बार हुस्क्वर्नाला सरळ बसत नाही, घेण्याआधी बघा. कानाला मफ, पायाला चेनसॉची पँट, गॉगल. कुंपणाजवळच्या फणसाने तार गिळलेली असते, लोहचुंबक फिरवा.

उभं झाड असेल तर गोव्यात 1984 च्या वृक्षसंरक्षण कायद्याखाली वनखात्याची परवानगी लागते. पडलेल्याचंही रेंज ऑफिसात सांगून ठेवा, माल हलवायच्या पासचं तिथेच विचारा.

पहिल्या दोन टाक्या हलक्या कामाला. फळीच्या शेवटी एकदम बंद करू नका, अर्धं मिनिट संथ चालवा. फळ्यांच्या टोकांना उरलासुरला ऑइलपेंट लावा, मध्ये सारख्या जाडीच्या पट्ट्या ठेवा, वर पत्रे टाका. ताडपत्री गुंडाळू नका, आतून बुरशी धरते.