प्राचीन रोममध्ये मत कसे द्यावे?

समजा, इ.स.पू. 100 च्या आसपास तुम्ही रोमचे नागरिक आहात आणि कॉन्सलची, म्हणजे रोमच्या दोन सर्वोच्च अधिकाऱ्यांची, निवडणूक आली आहे. (स्त्री किंवा गुलाम असाल, तर मताचा प्रश्नच नाही.)

आधी रोम गाठा. गावात बसून मत देण्याची सोय नाही. घोषणा तीन बाजार आधी होते आणि बाजार दर आठव्या दिवशी भरतो, एवढाच काय तो अवधी.

मग आपला गट ओळखा. ही पायरी सर्वांत महत्त्वाची. मालमत्ता आणि वय पाहून नागरिकांचे 193 गट पाडलेले आहेत, त्यांना सेंच्युरी म्हणतात. गटातल्या बहुमताने गटाचे एक मत ठरते आणि शेवटी मोजली जातात ती गटांची मते. घोडेस्वारांचे 18 आणि पहिल्या वर्गाचे 70 गट मिळून 88 होतात. बहुमताला हवेत 97. उलट ज्यांच्याकडे काहीच मालमत्ता नाही, त्या साऱ्यांना मिळून एकच गट, तोही सर्वांत शेवटी!

ठरलेल्या दिवशी पहाटे कॅम्पस मार्टियसच्या मैदानावर या. अधिकारी आधी शकुन पाहतो. वीज कडाडली तर सभा बरखास्त. टायबरपलीकडच्या जानिक्युलम टेकडीवरच्या लाल निशाणावरही लक्ष असू द्या. ते उतरले की सभा संपली. इ.स.पू. 63 मध्ये एका प्रेटरने (न्यायदान पाहणाऱ्या वरिष्ठ अधिकाऱ्याने) ते मुद्दाम उतरवून राबिरियस या सिनेटरचा सभेपुढचा खटला थांबवला होता.

इथे भाषण करायचे नाही, वादही घालायचा नाही. ते आधीच्या सभांमध्ये उरकलेले असते. पहिल्या वर्गातला चिठ्ठीने निवडलेला एक गट आधी मत देतो आणि त्याचा कौल लगेच पुकारतात. लोक तो शुभसंकेत मानतात, म्हणजे वारा कुठे वाहतो ते सगळ्यांना कळतेच.

तुमची पाळी आली की अरुंद फळीवरून पुढे जा, मेण लावलेल्या पाटीवर उमेदवाराचे नाव लिहा आणि ती टोपलीत टाका. निवडणुकीतले गुप्त मतदान इ.स.पू. 139 पासूनचे. ट्रिब्यून (जनतेचा प्रतिनिधी) असलेल्या मारियसने इ.स.पू. 119 मध्ये या फळ्या आणखी अरुंद केल्या, म्हणजे कोणी शेजारी उभे राहून डोकावायला नको.

दोन्ही जागा भरल्या की मतदान तिथेच थांबते. गरिबांच्या गटाची पाळी बहुधा येतच नाही.

कायद्यावर मत द्यायचे असेल, तर 35 ट्राइबांच्या (भागांनुसार पाडलेल्या, प्रत्येकी एक मत असलेल्या गटांच्या) सभेत जा. तिथे मालमत्ता पाहत नाहीत. मात्र शहराच्या वाट्याला चारच ट्राइब आहेत, ग्रामीण 31. लांबच्या गावांतून रोमला येणारे थोडे, त्यामुळे तिथल्या एकेका मताला वजन जास्त.