बॉनेटवरचा फुगवटा: पत्र्याला हाताने शेप कसा द्यायचा

जुन्या प्रीमियर पद्मिनी गाडीला मोठा कार्बोरेटर लावला की एअर फिल्टर बॉनेटला लागतो आणि बॉनेट नीट बंदच होत नाही. मग बरेच जण सरळ भोक पाडतात नाहीतर फायबरचा तयार फुगवटा (स्कूप) आणून स्क्रूने बसवतात. त्यापेक्षा पत्र्याचाच फुगवटा हाताने ठोकून काढा, वेळ जातो पण तो गाडीचाच वाटतो.

सुरुवातीलाच दोन गोष्टी सांगतो. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ मध्ये गाडीत बदल करण्यावर बंधनं आहेत आणि जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानेही कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनवर कडक निकाल दिलाय, म्हणून काम काढायच्या आधी आरटीओत विचारून घ्या. आणि मूळ बॉनेट कापू नका, भंगारातलं दुसरं शोधा. काळ्यापिवळ्या पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या रस्त्यावरून कायमच्या गेल्या, आता जे मूळ आहे ते जपायलाच हवं.

सामान

पत्रा सीआर (कोल्ड रोल्ड, म्हणजे थंड लाटलेला) घ्या, २० गेज म्हणजे साधारण ०.९ मिमी. मुंबईत कर्नाक बंदरला लोखंडवाल्यांकडे ईडीडी (एक्स्ट्रा डीप ड्रॉइंग) ग्रेड मिळाला तर उत्तम, तो मऊ असतो आणि पटकन फाटत नाही. जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला) पत्रा नको, वेल्डिंग करताना त्याच्या जस्ताचा धूर छातीला त्रास देतो. हातोड्या आणि डॉली (पत्र्याखाली हातात धरायचा लोखंडी ठोकळा) नागदेवी स्ट्रीटला मिळतात, पण जुनी घासून गुळगुळीत झालेली डॉली चोर बाजारात दिसली तर तीच उचला. लाकडी हातोडा, एक जाड लाकडी ओंडका आणि जाड कॅनव्हासची बारीक वाळू भरलेली पिशवी. पिशवी गच्च भरायची नाही, पाऊण भरा म्हणजे पत्र्याला आत बसायला जागा राहते. कानात बोळे आणि डोळ्यावर चष्मा पाहिजेच.

आधी कागद, मग पत्रा

थर्माकोलचा किंवा लाकडाचा पाहिजे त्या आकाराचा साचा बनवा, समजा ३०० बाय २०० मिमी आणि उंची ४० मिमी. त्याच्यावर ब्राऊन पेपर दाबून बसवा आणि मग नीट बघा. कागद मधे ताणला जातो आणि कडेला चुण्या पडतात, बरोबर? पत्र्याचंही तेच होणार. उकडीच्या मोदकाची पारी आठवा, मधे अंगठ्याने दाबून ती पातळ करतो आणि कडेला कळ्या पाडून गोळा करतो. मधे ताण, कडेला आकस, सगळी कला एवढ्यातच आहे, फरक इतकाच की मोदकाच्या कळ्या ठेवायच्या असतात आणि पत्र्याच्या चुण्या ठोकून पत्र्यातच जिरवायच्या असतात. माझा पहिला फुगवटा मी फक्त मधेच ठोकत बसलो, मधला पत्रा कागदासारखा पातळ झाला आणि कडा लाटेसारख्या वर-खाली, शेवटी टाकून द्यावा लागला. म्हणून कागदावर कुठे ताणायचं आणि कुठे आकसायचं ते दोन रंगाच्या खडूने खूण करून घ्या आणि मगच तीच खूण पत्र्यावर उतरवा.

ठोकायला सुरुवात

चारी बाजूंनी २५ मिमी जास्त ठेवून पत्रा कापा, कडा कानशीने मारून घ्या नाहीतर हात चिरतो आणि फाटायला तिथूनच सुरुवात होते. वाळूच्या पिशवीवर ठेवून लाकडी हातोड्याने कडेकडून गोल गोल फिरत मधे या, एकाच जागी दोनदा मारू नका. कडेला चुणी उभी राहिली की थांबा, पत्रा ओंडक्यावर घ्या आणि हलक्या हाताने ती चुणी बसवा. चुणी एकावर एक दुमडली की ती जागा गेली, तिथे पत्रा चिरणारच. ठोकून ठोकून पत्रा कडक व्हायला लागतो, हातोडा उसळायला लागला की गॅसने मंद लाल होईपर्यंत तापवा आणि हवेत आपोआप गार होऊ द्या. दर दोन फेऱ्यांनी साच्यावर लावून बघत रहा.

मग मठारणं, म्हणजे हलके मार देत पत्रा गुळगुळीत करणं. पायधुणीला तांबाकाट्याला तांबट हंडे मठारायचे, तसंच हे. खाली डॉली, वर सपाट चकचकीत तोंडाची हातोडी, मार जोराचा नको पण शेजारी शेजारी पडला पाहिजे. डॉलीवर बरोबर बसला तर टण्ण आवाज येतो, चुकला तर बद्द. पातळ सुती हातमोजा घालून तळवा फिरवा, डोळ्याला न दिसणारी उंची हाताला कळते. कानस आडवी फिरवली की उंच जागा चमकतात आणि खड्डे काळेच राहतात, मग ते खड्डे खालून हळूच वर काढा. कंटाळा येतो, पण पुट्टीचं काम इथेच वाचतं, पुट्टी १-२ मिमीच्या वर लागत असेल तर परत ठोका.

बॉनेटला जोडताना

वेल्डिंग भंगारातून आणलेल्या बॉनेटवर, ते गाडीवर नसतानाच करा. खालच्या फ्रेमच्या पट्ट्या कापायच्या नाहीत. फुगवटा वर ठेवून खूण करा, कापा, आणि पत्र्याला पत्रा टोकाला टोक लावा, एकावर एक चढवू नका, तिथे पाणी अडकतं आणि आपल्याकडच्या पावसात दोन वर्षात आतून गंजतं. मिग वेल्डिंगने एक छोटा टाका इथे, पुढचा समोरच्या बाजूला, मधे गार होऊ द्या. टाक्याच्या जागी पत्रा आकसतो म्हणून प्रत्येक टाका डॉलीवर ठोकून थोडा ताणून घ्या, नाहीतर बॉनेट तव्यासारखं वळतं.

ग्राइंड केल्यावर थिनरने पुसा, त्यानंतर उघड्या हाताने शिवू नका आणि त्याच दिवशी इपॉक्सी प्रायमर मारा, आतून पण. समुद्राच्या हवेत उघडा पत्रा रात्रभर ठेवला तर सकाळी तांबूस झालेला असतो.